डाव्या हाताचं पुस्तक

सात महिन्यांनी होस्टेलच्या खोलीचं कुलूप उघडायला गेलो तेव्हा किल्ली फिरेना. कुलूप गंजलं नव्हतं, माझ्या बोटांतच जोर नव्हता. शेवटी शेजारच्या खोलीतल्या पोरानं कुलूप काढून दिलं. तो पहिल्यांदाच मला बघत होता, म्हणून "कोणाकडं आलात?" असं विचारलं. मित्रांनो, ज्या खोलीत दोन वर्षं काढली तिथं मी पाहुणा झालो होतो!

आजाराची गोष्ट थोडक्यात सांगतो. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आधी आठवडाभर ताप आणि जुलाब झाले. मग एक दिवस जिना चढताना पाय लटपटले आणि चार दिवसांत हातही उचलेनात. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गुलेन बारी सिंड्रोम. आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, असा तो प्रकार. जीव वाचला, पाय परत आले, पण उजव्या हाताची बोटं मागं राहिली. डॉक्टर म्हणले, नसा फार हळू भरून येतात, धीर धर. केज तालुक्यातल्या आमच्या घरी माय मला वरण-भात भरवायची आणि आप्पा काही न बोलता माझी बोटं चोळत बसायचे. एकवीस वर्षांच्या पोराला आईनं भरवायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं.

हजेरी भरली नाही, टर्म ग्रँट झाली नाही. माझी बॅच पुढं गेली. "आता शिकून काय करायचं, हातानं ड्रॉइंग तर काढता येईना," असं मी घरी बोलून बसलो होतो. त्या दिवसांत आमच्या गावच्या वाचनालयातून आप्पांनी महात्मा फुल्यांचं चरित्र आणलं. शाळेत दहा मार्कांपुरते फुले वाचले होते. या वेळी वाचले ते वेगळेच निघाले.

पहिली गोष्ट म्हणजे हा माणूस आपल्या लाइनचा! जोतीराव फुले बांधकामाचे कंत्राटदार होते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? पुण्यात त्यांची कंत्राटाची कंपनी होती. खडकवासल्याच्या धरणासाठी त्यांनी दगड पुरवला, येरवड्याच्या पुलाचं आणि कात्रजच्या बोगद्याचं काम केलं. धातूचं ओतकाम करायला लागणाऱ्या मुशी विकायची एजन्सीही त्यांच्याकडं होती. मजूर, मुकादम, साहेब, बिलं, टक्केवारी हे सगळं त्यांनी साइटवर उभं राहून बघितलं होतं. शेतकऱ्यावर लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या 1883 च्या पुस्तकात बांधबंदिस्ती, तळी आणि कालव्याचं पाणी यांवर त्यांनी जे मांडलं, ते अशा माणसाचं मांडणं आहे. प्रत्येकाच्या शेताला पाणी मोजून नळानं द्यावं, ही सूचनाही त्यात आहे. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं ज्यांनी बघितलंय, त्यांना हे पान वाचताना वेगळं सांगावं लागत नाही.

आता क्रमानं सांगतो. 11 एप्रिल 1827 चा जन्म. आई चिमणाबाई जोती वर्षाचे व्हायच्या आत गेल्या. वडील गोविंदरावांच्या नात्यातल्या सगुणाबाईंनी त्यांना वाढवलं. शाळा मध्येच सुटली, परत सुरू झाली आणि 1847 ला शिक्षण संपलं. (गॅप त्यांनाही पडला होता, हे वाचून मला जरा बरं वाटलं!) लगेच 1848 ला पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. त्यापायी वडिलांचं घर सोडावं लागलं. सावित्रीबाई सोबत बाहेर पडल्या आणि स्वतः शिक्षिका झाल्या. पुढं फसवल्या गेलेल्या विधवांसाठी आसरा काढला. 1868 ला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 1873 ला 'गुलामगिरी' लिहिली आणि त्याच वर्षी 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन केला. 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सभासद राहिले. 1882 ला हंटर आयोगापुढं खालच्या थरापर्यंत प्राथमिक शिक्षण पोचलं पाहिजे असं निवेदन दिलं. एका जन्माला पुरून उरावं एवढं काम!

मग आलं 1888 साल. मार्चमध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानाच्या समारंभाला ते शेतकऱ्याच्या पोशाखात गेले आणि भपक्यात बसलेल्या मंडळींना खेड्यातल्या गरिबीची जाणीव करून दिली. 11 मे ला मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. आणि दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली.

इथं मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. ज्या माणसाचं सगळं आयुष्य लिहिण्यात, बोलण्यात आणि फिरण्यात गेलं, त्याचा उजवा हातच गेला. वय एकसष्ट. कंत्राटाची कामं साइटवर उभं राहिल्याशिवाय होत नसतात, आणि साठवलेला पैसा तर आधीच समाजकार्यात गेलेला. घरात ओढाताण सुरू झाली. मामा परमानंदांसारख्या स्नेह्यांनी त्यांच्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडं शब्द टाकला, इथपर्यंत वेळ आली.

दुसऱ्या दिवशी पुढं वाचलं. डॉ. विश्राम रामजी घोले हे त्यांचे सत्यशोधक सहकारी, त्यांनी उपचार केले. सावित्रीबाई रात्रंदिवस सेवेला होत्या. जीव वाचला, पण उजवा हात काही कामाला आला नाही. आणि जोतीराव पुन्हा लिहायला बसले. डाव्या हातानं!

साठ वर्षं ज्या हातानं कधी लेखणी धरली नाही, त्या हातानं त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक लिहून काढलं. काही पानांचं पत्र नव्हे मित्रांनो, आख्खं पुस्तक! प्रश्न-उत्तरांच्या रूपात त्यांनी आयुष्यभराचा विचार त्यात मांडला. सगळ्यांचा निर्मिक एक, स्त्री आणि पुरुष सारख्याच हक्काचे, लग्नापासून अंत्यविधीपर्यंत माणसानं माणसासारखं वागावं कसं, हे सगळं त्यात आहे. 1889 ला पुस्तक लिहून झालं. त्याच वर्षी दत्तक मुलगा यशवंत याचं लग्नही सत्यशोधक पद्धतीनं लावलं. आजारपण आहे म्हणून तत्त्वाला सुट्टी दिली नाही.

मी घरात रद्दी वह्या शोधल्या आणि डाव्या हातानं माझं नाव लिहून बघितलं. चार अक्षरं लिहायला पाच मिनिटं लागली आणि तीही पहिलीतल्या पोरासारखी. मान अवघडली, घाम आला. तेव्हा त्या पुस्तकाचं वजन खरं कळलं. आपण फाईल सबमिशनच्या आदल्या रात्री दहा पानं उतरवताना किती कुरकुर करतो!

अजून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जोतीराव पहिल्यासारखे बरे झालेच नाहीत. सभा, प्रवास, साइट हे सगळं त्यांनी सोडून दिलं, आणि जे एक काम आपल्याशिवाय दुसरं कोणी करणार नाही ते तेवढं धरलं. मी मात्र पहिल्यासारखा होईन तेव्हाच कॉलेजला जाईन असं म्हणत बसलो होतो. तसं बसलो असतो तर आजही घरीच असतो.

28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं. पुस्तक त्यांना छापलेलं बघायला मिळालं नाही. यशवंतनं ते 1891 मध्ये प्रसिद्ध केलं. सावित्रीबाई 1897 च्या प्लेगमध्ये आजाऱ्यांची सेवा करता करता गेल्या. ज्या घरानं एक आजारी माणूस एवढा जपला, त्या घरानं नंतर गावाचे आजारी जपले.

चरित्र संपलं त्या आठवड्यात आप्पांना म्हणलं, मला अंबाजोगाईला सोडा. आप्पांनी फक्त मान हलवली. माझी गादी मोटारसायकलवर बांधताना मात्र गाठ तीन वेळा सोडून बांधली.

आता मी ज्युनियर पोरांसोबत बसतो. पहिले चार दिवस ती मला 'सर' म्हणायची, आता 'दादा' म्हणतात. लेक्चरला उजवा हात अर्ध्या तासात थकतो, मग डाव्या हातानं फक्त मुद्दे लिहितो. बाकीचं रात्री मेसनंतर शेजारच्या खोलीतला तोच कुलूप काढणारा पोरगा वाचून दाखवतो. बदल्यात मी त्याला स्ट्रक्चर्सची गणितं समजावून सांगतो. माझं अक्षर बघून एक सर हसले आणि म्हणले, वाचता येतंय, चालू दे. एवढं बोलणंसुद्धा औषधाला लागतं, हे सर लोकांनी ध्यानात ठेवावं!

होस्टेलवर दरवर्षी कोणीतरी कावीळ, टायफॉइड, अ‍ॅक्सिडेंट करून घरी जातो. परत येताना त्याला वाटतं की आपली जागा भरली गेली. असा कोणी तुमच्या मजल्यावर आला तर त्याला आधी जेवायला सोबत न्या, मग झालेल्या पोर्शनची वही द्या. आणि तुम्हीच तो असाल, तर मला येऊन भेटा. दुसरा मजला, जिन्याजवळची खोली. कुलूप आता मीच उघडतो. थोडा वेळ लागतो एवढंच!