खतावणीत न बसलेले पठार

महाबळेश्वरच्या पठारावरील प्रेक्षणीय स्थळांची नावे ओळीने वाचली, तर मुंबई इलाख्याचा एखादा जुना हजेरीपट वाचल्यासारखे वाटते. एल्फिन्स्टन, लॉडविक, बॅबिंग्टन, फॉकलंड, कार्नाक, आर्थर अशी ती मालिका आहे. सिंदोळा या सर्वांत उंच माथ्याचा विल्सन पॉइंट झाला आणि नाकेखिंडीला माल्कमच्या कन्येचे नाव मिळाले. या मालिकेत ज्याचे नाव प्रथम यावयास हवे होते, त्याचेच नाव नाही. साताऱ्याहून या पठारावर पहिला गाडीरस्ता ज्याने नेला, तो राजा म्हणजे थोरले प्रतापसिंह महाराज. नावांचा प्रश्न तसा गौण आहे. परंतु मोकळ्या जागेची, हवेची आणि पायवाटेची किंमत राज्यकर्त्यांच्या हिशेबात कशी मांडली जाते, आणि ती चुकीची मांडली गेली की काय होते, हे या राजाच्या चरित्रातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसेल.

प्रतापसिंहांचा जन्म १८ जानेवारी १७९३ रोजी झाला. पिता धाकटे शाहू महाराज १८०८ साली निवर्तले आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या मस्तकी छत्रपतिपद आले. ते पद त्या काळी नावापुरतेच उरले होते. सत्ता पुण्यास होती आणि छत्रपतींचे वास्तव्य साताऱ्याच्या किल्ल्यावर, पहाऱ्यात होते. मातोश्री आनंदीबाई ऊर्फ माईसाहेब यांच्या देखरेखीखाली या मुलाचे शिक्षण झाले. ज्याला तटाबाहेर मोकळेपणी जाण्याची मुभा नव्हती, त्याच्या हातून पुढे रस्ते, तळी आणि पाण्याच्या सोयी व्हाव्यात, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे.

१८१७ साली पेशवे आणि इंग्रज यांच्यात युद्ध जुंपले, तेव्हा दुसऱ्या बाजीरावाने छत्रपतींचे कुटुंब कोयनेच्या खोऱ्यातील वासोटा किल्ल्यावर ठेवले आणि प्रतापसिंहांना आपल्या छावणीबरोबर रानोमाळ फिरविले. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि पंचवीस वर्षांचा हा छत्रपती इंग्रजांच्या ताब्यात आला. आज त्याच वासोट्यावर गिर्यारोहक हौसेने जातात. शिवसागर जलाशय नावेने ओलांडून कोयना अभयारण्यातून ती वाट चढते. ज्या जंगलाचा उपयोग कारागृहाची भिंत म्हणून होत असे, तेच आता लोकांच्या विहाराचे स्थान झाले आहे.

एल्फिन्स्टनच्या धोरणानुसार साताऱ्याचे राज्य पुन्हा उभे करण्यात आले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने नीरा आणि भीमा यांच्या दक्षिणेस, कृष्णा आणि वारणा यांच्या उत्तरेस, सह्याद्रीपासून पूर्वेस पंढरपूर-विजापूरपर्यंतचा मुलूख छत्रपतींकडे आला. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा आणि खानापूर हा टापू या मर्यादांच्या आतच येतो. १९४९ साली जो जिल्हा दक्षिण सातारा म्हणून निर्माण झाला आणि १९६० साली ज्याला सांगली हे नाव मिळाले, त्याच्या त्या पहिल्या नावात हा इतिहास जपला गेला होता. खुद्द सांगली शहर मात्र पटवर्धनांचे. तेथे चिंतामणराव आप्पासाहेब कृष्णाकाठी आपली नवी राजधानी वसवीत होते. एकाच नदीवर, एकाच काळात, दोन राजे दोन नगरांची रचना करीत होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पहिली काही वर्षे कारभार रेसिडेंट कॅप्टन जेम्स ग्रँट डफ याच्या हाती होता. १८२२ च्या एप्रिलमध्ये तो प्रतापसिंहांकडे सोपविण्यात आला. महाराज पहाटेपासून कामास बसत, हिशेब स्वतः पाहत आणि दिवसाच्या घडामोडी रोजनिशीत लिहून ठेवीत. साताऱ्यात त्यांनी नवा राजवाडा बांधला, शाळा काढली आणि ग्रंथसंग्रह केला. शहराला डोंगरावरून पाणी मिळावे म्हणून त्यांच्या कारकिर्दीत कामे झाली. यवतेश्वराच्या पायथ्याचे महादरे तळे सातारकर आजही त्यांच्याच नावाशी जोडतात. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरील चार भिंतींची वास्तूही त्यांच्याच काळातील. राजस्त्रियांना तेथून दसऱ्याची मिरवणूक पाहता यावी, असा तिचा मूळ हेतू होता. पुढे ती १८५७ च्या हुतात्म्यांचे स्मारक झाली आणि संध्याकाळी वारा खाण्यासाठी सारे शहर तेथे चढू लागले. राजघराण्यापुरती बांधलेली जागा काळाच्या ओघात सर्वांची व्हावी, याहून चांगली गती वास्तूला कोणती मिळणार?

या सर्व कामांत सर्वांत दूरगामी ठरले ते महाबळेश्वरचे काम. कृष्णेच्या उगमाचे हे क्षेत्र यात्रेकरूंना अर्थातच अपरिचित नव्हते. युरोपीयांची दृष्टी त्याकडे वळली ती १८२४ साली, साताऱ्याच्या फौजेवरील अधिकारी लॉडविक वर चढून गेला तेव्हा. त्याच्या पाठोपाठ रेसिडेंट ब्रिग्ज याने तेथे बंगला बांधला आणि साताऱ्याहून पठारापर्यंत गाडीरस्ता करावा, अशी गळ महाराजांना घातली. महाराजांनी तो रस्ता बांधला. त्याचा खर्च सातारच्या खजिन्यातून, म्हणजे अखेर कुणब्याच्या सारापट्टीतून झाला. १८२७ च्या अखेरीस मुंबईचा गव्हर्नर झालेल्या सर जॉन माल्कमने पुढच्या वर्षी या थंड हवेच्या जागेचे महत्त्व ओळखले. आजारी गोऱ्या शिपायांसाठी तेथे आरोग्यगृह निघाले आणि महाराजांनी वसविलेल्या पेठेला माल्कमचे नाव देण्यात आले.

यानंतर जो व्यवहार झाला, त्याकडे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे. १८२९ च्या करारान्वये महाराजांनी महाबळेश्वरचा माथा कंपनी सरकारला दिला आणि त्याच्या मोबदल्यात वाई प्रांतातील खंडाळा हे गाव घेतले. जमीनमहसुलाच्या खतावणीत हा सौदा तोट्याचा ठरत नाही. खंडाळ्यात पिकाऊ जमीन होती आणि तिचा सारा येणार होता. पठारावर काय होते? जांभा दगड, जांभळीचे रान, मुसळधार पाऊस आणि दाट धुके. यांपैकी कशावरही सारा बसत नाही. खतावणीला जे दिसते तेवढेच तिने मोजले. हवा, उगमाचे पाणी, सावली आणि दृष्टीस मिळणारे समाधान यांचे रकाने तिच्यात नव्हते. ज्यांच्याजवळ ते रकाने होते, त्यांनी ते पठार घेतले. पाव शतकाच्या आतच तेथे बंगले, बागा आणि फिरण्याच्या वाटा यांचे जाळे उभे राहिले. त्यांतील कित्येक वाटा चिनी आणि मलायी कैद्यांच्या श्रमातून झाल्या. त्यांच्यासाठी तेथे १८६४ पर्यंत तुरुंग होता, आणि बटाटा नि भाजीपाल्याची लागवडही त्यांच्या हातून झाली. रस्ता एकाचा, श्रम दुसऱ्याचे आणि नावे तिसऱ्याची, असा हा वाटा-घाटा झाला.

माल्कम १८३० साली परत गेला आणि महाराजांचे दिवस फिरले. सातारच्या जहागीरदारांवर अधिकार कोणाचा, हा वादाचा मूळ मुद्दा होता. तहाचा अर्थ महाराज एक लावीत आणि मुंबई सरकार दुसरा. १८३५ च्या अखेरीस लंडनच्या संचालक मंडळाने महाराजांच्या कारभाराचा गौरव म्हणून रत्नजडित तलवार देण्याचे ठरविले. मुंबई सरकारने ती त्यांच्यापर्यंत पोहोचू दिली नाही. पुढच्याच वर्षी देशी पलटणीतील सुभेदारांना फितविल्याचा आरोप आला. गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचेही बालंट आले. बाळाजीपंत नातूंसारखी माणसे या कारस्थानात अग्रभागी होती.

१८३९ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर कार्नाक स्वतः साताऱ्यास आला. अपराध कबूल असल्याचे लिहून द्यावे आणि गादी राखावी, असा प्रस्ताव त्याने ठेवला. महाराजांनी सही केली नाही. जो माणूस एका पठाराच्या बाबतीत सहज सौदा करू शकला, त्याने स्वतःच्या नावलौकिकाच्या बाबतीत सौदा नाकारला. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करण्यात आले आणि पुढे काशीस पाठविण्यात आले. त्या प्रवासात बाळासाहेब सेनापती वाटेतच मरण पावले. रंगो बापूजींनी लंडनमध्ये जाऊन वर्षानुवर्षे दाद मागितली. पार्लमेंटातही चर्चा झाली, परंतु न्याय मिळाला नाही. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराज काशीस निवर्तले. ज्या कार्नाकने हा निर्णय अमलात आणला, त्याच्या नावाचा पॉइंट महाबळेश्वरावर आहे.

त्यांच्या जागी बसविलेले बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनीही लोकोपयोगी कामांची परंपरा सोडली नाही, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. १८४२ साली त्यांनी बांधविलेल्या वेण्णा तळ्यात आज हजारो लोक नौकाविहार करतात. १८४८ च्या एप्रिलमध्ये ते वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. राज्य गेले. तळे, रस्ता आणि पाणी मात्र राहिले.

या चरित्राचा आजच्या सातारा-सांगलीशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध असा, की ती खतावणी अद्याप बदललेली नाही. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात मोकळे मैदान म्हणजे उत्पन्न नसलेली जागा. गाळे काढले तर भाडे येते, इमारत झाली तर घरपट्टी येते. बागेतून माळ्याचा पगार तेवढा निघून जातो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात बाग आणि क्रीडांगण यांसाठी विकास आराखड्यात जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. परंतु त्याच कायद्याच्या १२७ व्या कलमानुसार दहा वर्षांत ती जागा संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत पावले न पडल्यास आरक्षण संपुष्टात येते. दहा वर्षे पैसा न ठेवणे म्हणजे ती बाग निमूटपणे देऊन टाकणेच होय. १८२९ साली निदान मोबदल्यात एक गाव तरी मिळाले होते.

सार्वजनिक वाटेचा गुण असा, की एक माणूस तिच्यावरून चालला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याची वाट कमी होत नाही. म्हणूनच तिच्यावर दर लावून तिची खरी किंमत वसूल होत नाही, आणि म्हणूनच ती समाजाने मिळून सांभाळावी लागते. अर्थात गर्दीची मर्यादा ओलांडली की हा गुण संपतो. २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात प्रवेश मर्यादित करावा लागला आणि शुल्क आकारावे लागले, ते याच कारणाने. तेथे शुल्क समर्थनीय आहे, कारण ते फुलांच्या रक्षणासाठी आहे. तोच न्याय अजिंक्यताऱ्याच्या पायवाटेला किंवा सांगलीच्या आमराईत पहाटे फिरणाऱ्या वृद्धाला लावणे अन्यायाचे होईल. वाहनावर कर असावा, पायांवर नसावा.

महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविण्यात आला. त्यात पठाराची खरी किंमत उशिरा का होईना, सरकारी कागदावर नोंदली गेली. तिचा लाभ केवळ तेथील रहिवाशांचा नाही. त्या माथ्यावर उगम पावणारी कृष्णा सातारा जिल्हा ओलांडून सांगलीच्या घाटाला लागते. २००५ आणि २०१९ साली तिने सांगलीच्या वस्तीत शिरून दाखविले, की नदीकाठची मोकळी जागा ही रिकामी जागा नसते. ती नदीचीच असते, आणि आठ महिने ती माणसाला फिरावयास मिळते एवढेच.

यासाठी फार मोठ्या योजनांची गरज नाही. दोन्ही शहरांच्या अंदाजपत्रकांत आहेत त्या बागा, तळी आणि वाटा यांच्या देखभालीची रक्कम नव्या कोनशिलांच्या आधी बाजूस काढली जावी. आरक्षित मोकळ्या जागांची यादी, प्रत्येकीची मुदत केव्हा संपते या नोंदीसह, दरवर्षी नागरिकांपुढे ठेवली जावी. आणि महाबळेश्वरच्या रस्त्यावर, साताऱ्याच्या बाजूस, तो कोणी व कोणाच्या पैशातून बांधला हे सांगणारा एक साधा दगड उभा राहावा. इंग्रजी नावे पुसण्याची आवश्यकता नाही, तीही इतिहासाचाच भाग आहेत. परंतु ज्या रयतेच्या साऱ्यातून ती वाट झाली, तिच्या वारसांना आपण पाहुणे नसून मालक आहोत, हे त्या दगडाने कळेल. मालकाला हे कळले, तर यापुढे एखादे पठार केवळ खतावणीत बसत नाही म्हणून हातचे जाणार नाही.