डिकन्सने लपवलेले दिवस

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ या कादंबरीविषयी बोलताना तिच्या लेखकाच्या बालपणाचा ओझरता उल्लेख केला. तास संपला, मुले उठून गेली. मी मात्र बाकावरच बसून राहिले. पुढे ग्रंथालयातून चार्ल्स डिकन्सचे चरित्र आणले. इंग्रजी वाचताना माझी दमछाक होते. तरी शब्दकोश उशाशी ठेवून दीड महिन्यात ते पुरे केले.

डिकन्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी पोर्टस्मथ येथे झाला. वडील नौदलाच्या पगार कचेरीत कारकून होते. माणूस गप्पिष्ट, दिलदार. पण मिळकतीपेक्षा खर्च नेहमी जास्त. चॅथम गावी चार्ल्सला शाळा मिळाली, वडिलांच्या कपाटातली पुस्तके मिळाली. १८२२ साली कुटुंब लंडनला आले आणि शाळा संपली ती संपलीच. मुलगा वडिलांचे बूट पुसू लागला, धाकट्या भावंडांना सांभाळू लागला. घरातल्या वस्तू विकायची वेळ आली तेव्हा ती लाडकी पुस्तके दुकानदाराकडे पोचवायलाही त्यालाच जावे लागले. थोरली बहीण फॅनी याच काळात संगीताच्या विद्यालयात शिकत होती.

फेब्रुवारी १८२४ मध्ये, बारावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, तो कामाला लागला. थेम्स नदीच्या काठी हंगरफोर्ड स्टेअर्सजवळ बुटांचे काळे पॉलिश तयार करण्याचा कारखाना होता. इमारत मोडकळीला आलेली, तळघरात उंदरांचा सुळसुळाट. पॉलिशच्या बरण्यांवर आधी तेलकट कागद, त्यावर निळा कागद ठेवायचा, दोरा गुंडाळून गाठ मारायची, कडा कातरून सारख्या करायच्या आणि शेवटी लेबल चिकटवायचे. दिवसाचे सुमारे दहा तास हेच काम. मजुरी आठवड्याला सहा शिलिंग. त्याच महिन्यात कर्ज न फेडल्यामुळे वडिलांना मार्शलसी तुरुंगात टाकण्यात आले. पुढे आई आणि धाकटी भावंडेही तेथेच राहायला गेली. चार्ल्स बाहेर एकटा, भाड्याच्या खोलीत.

येथे मी पुस्तक मिटून ठेवले होते. आमच्या सिन्नर भागात घरोघरी बिड्या वळतात. आमच्याही घरी. पाने भिजवणे, कापणे, तंबाखू भरून वळणे ही आईची कामे. शाळेतून आले की दोरा बांधायचा तो मी. गाठ मारायची युक्ती मला शेजारच्या एका मुलीने दाखवली. ती माझ्याहून वर्षाने मोठी होती, शाळेत जात नव्हती.

चार्ल्सलाही गाठ मारायला शिकवणारा कोणी होता. बॉब फॅगिन नावाचा, वयाने मोठा, आईबाप नसलेला मुलगा. एकदा चार्ल्सच्या कुशीत असह्य कळ आली, तेव्हा बॉबने गवतावर त्याचे अंथरूण करून पॉलिशच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून अर्धा दिवस शेक दिला. संध्याकाळी त्याला एकटे सोडवेना म्हणून तो सोबत निघाला. तुरुंगाचे बिंग फुटेल या भीतीने चार्ल्सने पुलाजवळच्या एका भलत्याच घराच्या पायरीवर त्याचा निरोप घेतला, आणि बॉबने मागे वळून पाहिलेच तर खरे वाटावे म्हणून त्या घराचे दारही ठोठावले.

हा प्रसंग मी तीनदा वाचला. प्रथम वर्षाला असताना मी मैत्रिणींना आई शिवणकाम करते असे सांगितले होते. बोटांना तंबाखूचा वास येतो म्हणून कॉलेजात मी हात ओढणीखाली ठेवत असे.

जून महिन्यात फॅनीला विद्यालयात बक्षीस मिळाले. तो समारंभ पाहून चार्ल्स रात्री रडला. वडील मे महिन्यातच सुटले होते. तरी त्याचे काम चालूच राहिले. कारखाना नव्या जागी गेला आणि तेथे त्याला खिडकीपाशी बसवू लागले. रस्त्याने जाणारे लोक उभे राहून त्याच्या हातांची चपळाई पाहत. अखेर वडिलांचे मालकाशी भांडण झाले आणि मुलगा घरी आला. आईने मध्यस्थी करून त्याला पुन्हा कामावर पाठवायचे ठरवले. वडिलांनी मात्र शाळेत घातले. डिकन्सने हे आईला जन्मभर माफ केले नाही. मला त्या आईचाही विचार करावासा वाटतो. इतकी तोंडे खाणारी असताना सहा शिलिंग सोडणे सोपे नसते.

आणखी एक गोष्ट खटकते. डिकन्सचे दुःख कारकुनाच्या मुलाचे होते. आपण शिकलेल्या घरचे, आणि या पोरांत येऊन पडलो! बॉब तेथे आहे याचे त्या वेळी कोणालाच, चार्ल्सलाही, नवल वाटत नव्हते. गरिबाचे मूल कामच करणार, ही तेव्हाची समजूत. पुढे ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये मुलांना चोऱ्या शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला त्याने नाव दिले ते फॅगिन! हे मला अजून उमगलेले नाही.

पण तो तेथेच थांबला नाही. १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना बंदी केली होती. पॉलिशच्या कारखान्यांना तो लागूच नव्हता. १८४२ साली कोळशाच्या खाणींतल्या मुलांविषयीचा सरकारी अहवाल आला आणि दहा वर्षांखालील मुलांचे जमिनीखालचे काम बंद झाले. पुढच्या वर्षी इतर धंद्यांतल्या मुलांचा अहवाल वाचून डिकन्स हादरला. त्यावर पत्रक लिहायचे त्याने योजले होते. त्याऐवजी डिसेंबर १८४३ मध्ये ‘ए ख्रिसमस कॅरोल’ ही गोष्ट आली. गरिबाघरच्या मुलासाठी डोळ्यांत पाणी आणायला त्याने वाचकांना शिकवले. या वेळचे मूल केवळ कारकुनाचे नव्हते.

स्वतःविषयी मात्र तो गप्पच होता. १८४७ साली जॉन फॉर्स्टर या मित्राने सहज विचारले की, लहानपणी एका कारखान्यात तुला पाहिल्याचे एक गृहस्थ सांगतात, ते खरे का? डिकन्स कितीतरी वेळ काही बोलला नाही. काही आठवड्यांनी त्याने सारे सांगितले, लिहूनही दिले. ९ जून १८७० रोजी तो वारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. फॉर्स्टरने लिहिलेले चरित्र प्रसिद्ध झाले तेव्हा कोठे त्याच्या मुलांना बापाच्या त्या दिवसांची हकिगत कळली.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी आईला वाचून दाखवला. तिला अक्षरओळख नाही. सूप मांडीवर घेऊन, हात न थांबवता तिने तो ऐकला. डिकन्सविषयी तिने काही विचारले नाही. त्या बॉबचे पुढे काय झाले, एवढेच विचारले.