एली मेच्निकॉफ व पाणपिसवेचा रोग

वडिवळ्याच्या जलाशयाकांठीं ओंजळभर पाणी घेतलें, तर तें निवळ दिसतें. परंतु साठलेल्या गोड्या पाण्यांत टांचणीच्या टोंकाएवढे जीव वावरत असतात. त्यांपैकीं पाणपिसू नामक क्षुद्र जीवाच्या रोगावरून मनुष्यदेहाच्या संरक्षणाचें मर्म ज्यांनीं ओळखलें, त्या एली मेच्निकॉफ यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहोंत.

त्यांचा जन्म १८४५ सालीं खार्कोव्हनजीकच्या खेड्यांत झाला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनीं दोन वर्षांत पुरा केला. १८७३ त त्यांची पत्नी क्षयानें वारली आणि ते जीवितास कंटाळले. तथापि शास्त्राच्या ओढीनें त्यांस तारलें. १८८२ सालीं मेसिना येथें त्यांनीं तारामाशाच्या पारदर्शक अर्भकांत गुलाबाचे कांटे खुपसले. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों भटक्या पेशींनीं कांट्यांस वेढा घातलेला!

पुढें पाणपिसवेच्या पोटांत एका किण्वाचे, म्हणजे यीस्टचे, सुईसारखे बीजाणु जाऊन आंतडें भेदतात, असें त्यांस आढळलें. पेशींनीं ते सर्व गिळले तर पिसू वांचे. एखादा निसटून अंकुरला, तर किण्व माजून ती मरे. हें संशोधन १८८४ त प्रसिद्ध झालें. १८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत होते. १९०८ चें नोबेल पारितोषिक त्यांस व पाउल एर्लिख यांस मिळून देण्यांत आलें. त्यांचेच शिष्य हाफकिन यांनीं १८९७ सालीं मुंबईंत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. १९१६ त मेच्निकॉफ निवर्तले.

पेशी शत्रूस मारते कशी, हें मागाहून कळलें. प्राणवायूपासून सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड अशीं दाहक द्रव्यें करून ती गिळलेल्या किण्वावर सोडते. परंतु किण्वही निःशस्त्र नसतें. त्याच्या स्वतःच्या श्वसनांतही हींच द्रव्यें उपजत असल्यामुळें त्यांचा बंदोबस्त त्याच्या घरींच असतो. मनुष्यास पीडणाऱ्या कॅन्डिडा किण्वाजवळील कॅटलेज हें द्रव्य पेरॉक्साइडचें पाणी व प्राणवायु करून टाकतें. पावाच्या किण्वावर पेरॉक्साइड ओतलें असतां फेंस येतो, तो ह्याच क्रियेमुळें. ज्या बालकांच्या पेशींस हें अस्त्र जन्मतःच करतां येत नाहीं, त्यांस बुरशीचे रोग प्राणघातक होऊं शकतात.

जगण्याची आशा सोडलेल्या ह्या पुरुषानेंच देह सहजासहजीं शरण जात नाहीं हें जगास दाखविलें, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं निराशेच्या समयीं अवश्य आठवावी.