टॉम क्रीन : ध्रुवापासून मागे वळलेला खलाशी

संत पॅट्रिक हे आयर्लंडचे आश्रयदाते संत. आपल्या पुण्याचे कॅथेड्रल त्यांच्याच नावाचे. त्याच आयर्लंडमधील एका कॅथोलिक खलाशाची आज ओळख करून घेऊ या.

टॉम क्रीन यांचा जन्म १८७७ साली केरी परगण्यातील एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. घरात खाणारी तोंडे पुष्कळ. १८९३ साली, मिसरूड फुटण्याच्या वयात, ते ब्रिटिश नौदलात भरती झाले. शिक्षण बेताचे, पण अंगात प्रचंड ताकद आणि स्वभाव हसरा. १९०१ साली कॅप्टन स्कॉट यांच्याबरोबर ते प्रथम दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशात गेले.

१९१० साली स्कॉट यांची दुसरी मोहीम निघाली. जानेवारी १९१२ मध्ये ध्रुव केवळ २७० किलोमीटरवर उरला असताना स्कॉट यांनी पुढे नेण्यासाठी चार जण निवडले. क्रीन यांना परत फिरण्याचा हुकूम मिळाला. त्या दणकट माणसाच्या डोळ्यांत पाणी आले, पण हुकूम त्यांनी पाळला.

त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम या परतीच्या वाटेवर झाले. सोबतचे लेफ्टनंट इव्हान्स स्कर्व्हीने मरणाला टेकले. क्रीन आणि लॅशली यांनी त्यांना घसरगाडीवर घालून ओढत आणले. शेवटी तळ ५६ किलोमीटर दूर असताना दोघांचीही ताकद संपत आली. तेव्हा लॅशली रुग्णाजवळ थांबले आणि क्रीन एकटेच निघाले. जवळ तंबू नाही, अंथरूण नाही. खायला तीन बिस्किटे आणि चॉकलेटचे दोन तुकडे. अठरा तास चालून ते तळावर पोहोचले आणि थोड्याच वेळात हिमवादळ सुटले. इव्हान्स वाचले. ध्रुवावर पोहोचलेले स्कॉट व त्यांचे चार साथी मात्र परतलेच नाहीत. क्रीन आणि लॅशली यांना अल्बर्ट पदक मिळाले.

१९१६ साली शॅकल्टन यांची माणसे एका बेटावर अडकली. मदत आणण्यासाठी सहा जण लहानशा होडीतून सुमारे दीड हजार किलोमीटरचा खवळलेला समुद्र पार करून गेले. त्यांत क्रीन होते. बेटावरचे सर्व बावीस जण सुखरूप सुटले. त्यानंतर क्रीन वॉरंट अधिकारी झाले. साध्या खलाशाला हा हुद्दा सहजासहजी मिळत नसे.

१९२० साली ते निवृत्त झाले. आयर्लंडमध्ये तेव्हा स्वातंत्र्याचा लढा पेटला होता. पोलिसांत असलेला त्यांचा भाऊ त्याच वर्षी गोळीबारात मारला गेला. अशा वातावरणात ब्रिटिश नौदलातला पराक्रम कोणाला सांगणार? क्रीन यांनी अ‍ॅनास्कॉल गावात ‘साउथ पोल इन’ नावाचे मद्यगृह चालवले, पदके बाजूला ठेवली आणि मोहिमांबद्दल बोलणे टाळले. १९३८ साली अपेंडिक्स फुटून त्यांचे निधन झाले. गावात त्यांचा पुतळा उभा राहिला तो २००३ साली.

घरात, कामावर, चर्चमध्ये आपल्यालाही कधी कोणी मागे ठेवते. मन खट्टू होते. पण क्रीन पुढे गेले असते, तर इव्हान्स यांच्यासाठी ते अठरा तास कोण चालले असते?