लहुजी राघोजी साळवे

लहुजी राघोजी साळवे ऊर्फ लहुजी वस्ताद (१४ नोव्हेंबर १७९४ – १७ फेब्रुवारी १८८१) हे पुण्यातील शस्त्रविद्येचे ख्यातनाम शिक्षक व क्रांतिकारक होते. कुस्ती, दांडपट्टा, तलवारबाजी आणि नेमबाजी या विद्या त्यांनी आपल्या तालमीत शिकवल्या. महात्मा जोतीराव फुले आणि वासुदेव बळवंत फडके हे त्यांचे शिष्य होत.

आरंभीचे जीवन

लहुजींचा जन्म पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या पेठ या गावी मांग समाजातील कुटुंबात झाला. शस्त्रविद्येचे पहिले धडे त्यांना वडील राघोजी यांच्याकडून मिळाले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी इंग्रजांविरुद्ध झालेल्या खडकीच्या लढाईत राघोजी धारातीर्थी पडले. पुढील वर्षी पेशवाई संपुष्टात आली. वडिलांचा मृत्यू आणि राज्याचा अस्त या दोन आघातांनी लहुजींच्या आयुष्याची दिशा निश्चित केली.

तालीम

१८२२ साली लहुजींनी पुण्यात तालीम सुरू केली. गंज पेठेतील तालीम आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील या वस्तादाकडे निरनिराळ्या जातींचे तरुण विद्या शिकण्यासाठी येत. गुरुशिष्याचे हे नाते त्या काळच्या जातिव्यवस्थेच्या चौकटीत बसणारे नव्हते.

नेमबाजीचे शिक्षण

त्या काळी तोड्याच्या व ठासणीच्या बंदुका प्रचलित होत्या. नळीत दारू ओतून वरून गोळी घालावी लागे व ती गजाने ठासावी लागे. तोड्याच्या बंदुकीत त्यानंतर कानाशी रंजक घालून जळत्या जामगीने ती पेटवली जाई. एक बार उडाल्यावर बंदूक पुन्हा भरेपर्यंत चाल करून येणारा माणूस अंगावर येऊन पोहोचत असे. त्यामुळे आत्मरक्षणाची सारी भिस्त पहिल्या गोळीवर असे.

पहिली गोळी अचूक बसण्यासाठी मूलभूत गोष्टी पक्क्या असाव्या लागतात. पाय रोवून उभे राहणे, दस्ता खांद्याला घट्ट टेकवणे, श्वास रोखणे, डोळा, माशी व लक्ष्य एका रेषेत आणणे आणि हिसका न देता चाप ओढणे, हा या विद्येचा पाया होय. रंजक डोळ्यांसमोर भडकत असताना न दचकणे यालाही सराव लागे. तालमीतील व्यायामाने अंगी येणारी स्थिरता, दम व संयम नेमबाजीस पूरक ठरत. बंदूक जवळ असली, तरी हा सराव नसल्यास संकटकाळी तिचा उपयोग होत नसे.

फुले यांच्याशी संबंध

जोतीरावांनी लहुजींकडून दांडपट्टा व निशाण मारण्याचे शिक्षण घेतले. ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथात त्यांनी स्वतःच याचा उल्लेख केला आहे. तरुणपणी इंग्रजी सत्ता उलथवण्याच्या विचाराने शिकलेली ही विद्या मागे पडून जोतीराव शिक्षणकार्याकडे वळले. सनातन्यांचा विरोध तीव्र असताना लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि अस्पृश्य मुलामुलींना शाळेत आणण्यासाठी त्यांनी साहाय्य केले. फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. ती साळवे घराण्यातीलच होती.

फडके यांचे बंड

वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरीस होते. लहुजींकडे घेतलेल्या शिक्षणाचा उपयोग त्यांनी १८७९ च्या सशस्त्र उठावात केला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७८ मध्ये, इंग्रज सरकारने शस्त्र कायदा करून परवान्याविना शस्त्र बाळगण्यास बंदी घातली होती. जुलै १८७९ मध्ये फडके पकडले गेले व पुढे एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

मृत्यू व स्मृती

१७ फेब्रुवारी १८८१ रोजी पुण्यात लहुजींचे निधन झाले. संगमवाडी येथे त्यांची समाधी आहे. राज्य शासनाने मातंग समाजाच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या आयोगास त्यांचे नाव दिले आहे.