इंद्रायणीला दोनदा दिलेले कागद

श्रीतुकोबारायांचा जन्म देहू गावी इ. स. १६०८ साली झाला, असे सामान्यतः मानतात. घरी महाजनकी, वाण्याचे दुकान, आणि विश्वंभरबाबांपासून चालत आलेली पंढरीची वारी. आईबाप लवकर गेले, थोरले बंधू सावजी तीर्थयात्रेला निघून गेले, आणि प्रपंचाचा भार कोवळ्या वयात महाराजांच्या खांद्यावर पडला. त्यात १६३० ते १६३२ चा दुष्काळ आला. दुकान बुडाले, गुरेढोरे गेली, पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली, मुलगा संतूही गेला. एवढा दुष्काळ क्वचितच पडतो. पण त्याला कोणी चमत्कार म्हटले नाही. एवढे ध्यानात असू द्या.

भंडारा डोंगरावर नामात मन रंगले, तेव्हा महाराजांनी घरची कर्जखते बाहेर काढली. धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा त्यांना दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडला. ते कागद बुडाले ते बुडालेच. ऋणको मोकळे झाले, अन् महाराजही.

पुढे अभंग स्फुरू लागले. वाघोलीचे रामेश्वरभट्ट मोठे विद्वान; शूद्राच्या मुखी वेदांचा अर्थ त्यांना सोसवेना. त्यांच्या सांगण्यावरून महाराजांनी अभंगांच्या वह्या त्याच इंद्रायणीत बुडविल्या आणि तेरा दिवस अन्नपाण्यावाचून शिळेवर पडून राहिले. अखेर वह्या कोरड्याच्या कोरड्या वर आल्या, असे संप्रदाय सांगतो. महिपतिबोवांनीही तसेच लिहून ठेवले आहे.

आता शिकलीसवरलेली मुले विचारतात, चमत्कार म्हणजे लाखात एकदा घडणारी गोष्टच ना? मुलांवर रागावू नये. प्रश्न चांगला आहे. पण लाख तिकिटांची सोडत निघाली की एकाला बक्षीस लागायचेच. त्याच्या पाया कोणी पडत नाही. नुसते दुर्मिळपण म्हणजे चमत्कार नव्हे. तसे असते तर तो दुष्काळही चमत्कारच ठरता.

विहिरीत बुडालेली घागर आपोआप वर येणे लाखात एकदाही व्हायचे नाही. पण वरून कोणी दोर ओढला तर? मग लाखाचा हिशेब कशाला करायचा? दोर कोणी ओढला, एवढेच विचारायचे. आपोआप घडणाऱ्या गोष्टींचे गणित मांडता येते. कोणी प्रेमाने केलेल्या गोष्टीला ते लागू पडत नाही. आई रात्री लेकराच्या हाकेला उठते, ती काय योगायोगाने?

महाराजांनी स्वतः हेच ओळखले. वह्या तरल्या म्हणून त्यांनी मिरविले नाही. उलट, आपण हट्ट धरला, देवाला पाण्यात उभे राहून कष्ट सोसावे लागले, म्हणून ते कळवळून त्याची क्षमा मागत राहिले. दोर ओढणारा हात त्यांना दिसला होता.

कोणी म्हणतात, अभंग लोकांना तोंडपाठ होते, म्हणून ते तरले. म्हणोत बापडे. पण रामेश्वरभट्टांचे काय? ज्यांनी वह्या बुडवायला लावल्या, तेच पुढे महाराजांना शरण आले, आणि महाराजांची जी आरती आपण आज घरोघर म्हणतो, ती त्यांचीच. कर्जखते बुडाली तेव्हा महाराजांचे मीपण धुतले गेले. वह्या तरल्या तेव्हा रामेश्वरभट्टांचे. नदी तीच, कागद तसेच, आणि कृपा दोन्ही वेळा.

रामकृष्णहरि.