विस्मृतीचा माग

साठी बुद्धी नाठी, असे आपण सहज म्हणून जातो. घरातील वृद्ध व्यक्ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली, रोजची वाट चुकू लागली, की लोक त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देतात. अशा विस्मृतीमागे मेंदूचा आजार असू शकतो, हे ज्यांच्या कामामुळे जगाच्या ध्यानात आले, ते डॉ. अलॉइस अल्झायमर.

त्यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील मार्क्टब्राइट या गावी झाला. १८८७ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवून पुढच्याच वर्षी ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. मनोरुग्णांना बांधून ठेवण्याचा तो काळ होता. या रुग्णालयात मात्र रुग्णांना मोकळे ठेवून त्यांच्याशी बोलण्यावर भर होता. दिवसभर रुग्ण तपासावेत आणि नंतर मित्र फ्रान्झ निस्ल यांच्यासह सूक्ष्मदर्शकापाशी बसावे, असा त्यांचा क्रम असे. १९०१ च्या आरंभी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. तीन लहान मुले बहिणीच्या हाती सोपवून त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ऑगस्टे डेटर नावाच्या बाई रुग्णालयात दाखल झाल्या. त्यांचे वय अवघे ५१ होते, म्हणजे याला म्हातारपण म्हणण्याची सोय नव्हती. पतीविषयी निष्कारण संशय आणि मागोमाग विस्मरण, अशी सुरुवात झाली होती. जेवताना पानात फ्लॉवर असूनही आपण पालक खात आहोत, असे त्या सांगत. नाव लिहायला सांगितले, तेव्हा श्रीमती एवढेच लिहून त्या थांबल्या. पुढचे त्यांना आठवेना. अल्झायमर यांनी प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर टिपून ठेवले. इतक्या धीराने रुग्णाचे ऐकून घेणारा डॉक्टर आजही विरळाच.

पुढे ते म्यूनिकला गेले, पण या रुग्णाचा त्यांना विसर पडला नाही. एप्रिल १९०६ मध्ये ऑगस्टेबाई वारल्या. त्यांचा मेंदू म्यूनिकला मागवून अल्झायमर यांनी त्याचे पातळ काप केले व चांदीच्या क्षारांनी रंगवले. मेंदू आक्रसलेला होता. पेशींच्या बाहेर कसल्याशा द्रव्याचे पुंजके साचले होते आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता झाला होता. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. श्रोत्यांपैकी कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये त्यांचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

१९१२ मध्ये ब्रेस्लाउ येथे प्राध्यापकपद मिळाले. पण तेथे जाताना रेल्वेतच ते आजारी पडले. ती प्रकृती पुन्हा सुधारली नाही. १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

रुग्ण जिवंत असताना त्याच्या मेंदूतील बिघाड पाहण्याचे कोणतेही साधन त्यांच्यापाशी नव्हते. ते पुंजके बीटा अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे असतात, हे १९८४ नंतर उलगडत गेले. पेशींतील गुंता टाऊ या प्रथिनाचा असतो. प्रथिने आपला नेहमीचा आकार सोडून एकमेकांना चिकटतात आणि ही साठवण विस्मरण सुरू होण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून चालू असते. म्हणूनच आजार लवकर ओळखण्याला एवढे महत्त्व आहे. एकविसाव्या शतकात विशेष स्कॅनद्वारे जिवंत माणसाच्या मेंदूतील पुंजके दिसू लागले. मे २०२५ मध्ये अमेरिकेत, लक्षणे असलेल्या ५५ वर्षांवरील व्यक्तींसाठी रक्ततपासणीला मान्यता मिळाली. रोग समूळ बरा करणारे औषध मात्र अद्याप नाही.

डिसेंबर १९९५ मध्ये फ्रँकफर्टच्या दप्तरात एक निळ्या पुठ्ठ्याची फाइल सापडली. ती ऑगस्टेबाईंची होती. अल्झायमर यांच्या अक्षरातील टिपणांबरोबर त्या बाईंनी अर्धवट लिहिलेले नावही तिच्यात जपून ठेवलेले होते.